ताईच्या हाडावरची टेकडी

मी एक जुना प्रोब आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढा, तोंड सपाट, मागे वायरची लांबलचक शेपटी. सोनोग्राफीच्या यंत्राचा जो भाग डॉक्टर अंगावर फिरवतात, तो मी. मित्रांनो, मला तुम्हाला एका दुपारची गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. बरे, जन्मापासून करतो. पण भराभर.

माझा जन्म एका कमालीच्या स्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसे डोक्याला टोपी आणि तोंडाला पट्टी बांधून बसत, आणि शिंक आली तर पळत बाहेर जात. एका बाईंनी भिंगातून बघत बघत केसासारखे बारीक स्फटिकाचे तुकडे माझ्या तोंडात एका ओळीत बसवले. ते माझे दात समजा. विजेचा झटका बसला की हे तुकडे थरथरतात आणि आवाज काढतात. तुम्हाला तो ऐकू येत नाही. तो अंगात शिरतो, हाडावर आपटतो आणि माझ्याकडे परत येतो. किती वेळाने आला, किती जोरात आला, त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. म्हणजे तुम्ही डोळ्यांनी बघता आणि मी कानांनी बघतो. पाण्याच्या टाकीत बुडवून त्यांनी माझी परीक्षा घेतली. तळाशी ताणलेल्या बारीक तारा मी एकूण एक दाखवल्या, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "हा चांगला निघाला." ही मला मिळालेली पहिली शाबासकी. मी आनंदाने थरथरलो. तसा मी नेहमीच थरथरतो म्हणा.

सुरुवातीची वर्षे मोठ्या माणसांत गेली. मोठ्यांचे खांदे, मोठ्यांचे गुडघे, मोठ्यांच्या टाचा. ही माणसे पडल्या पडल्या फोनवर बोलत आणि पडद्याकडे ढुंकूनही बघत नसत. मग एक दिवस मला यंत्रासकट मुलांच्या दवाखान्यात पाठवले. मी खूश झालो, पण तिथल्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून नाक मुरडले. "हाडाला सोनोग्राफी? हाडाच्या आरपार काही दिसत नाही तिला. एक्स-रे काढा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. माझी रवानगी खणात झाली. शेजारी कात्री, अर्धवट संपलेल्या चिकटपट्ट्या आणि एक कान तुटलेले कापडी अस्वल.

डॉक्टरांचे अगदीच चूक नव्हते. माझा आवाज हाडाच्या आरपार जात नाही. पण अहो, हाडाचा वरचा काठ तर मला लख्ख दिसतो, आणि हाडाला काही झाले की बहुतेक वेळा काठच आधी बोलतो. हे सांगणार कोणाला? अस्वलाला? त्याला एकच कान होता.

मला बाहेर काढले ते मुलांच्या तातडीच्या विभागात नव्याने आलेल्या डॉक्टरबाईंनी. त्या खणात चिकटपट्टी शोधत होत्या. चिकटपट्टी राहिली बाजूला. त्यांनी मला उचलले, फुंकर मारली, पुसले, यंत्राला जोडले आणि स्वतःच्याच मनगटावर टेकवले. पडद्यावर पांढरी स्वच्छ रेघ उमटली. "सिस्टर," त्यांनी नर्सला हाक मारली, "हे रत्न खणात काय करतंय?" मित्रांनो, त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. तसे ते कधीच नव्हते, मी खुंटीवर टांगलेला असतो.

आणि काय काय बघितले म्हणून सांगू! एक मुलगी गुडघा दुखतो म्हणून लंगडत आली. सगळे गुडघा चाचपत बसले. डॉक्टरबाईंनी मला तिच्या जांघेपाशी, खुब्याच्या सांध्यावर ठेवले, तर पाणी साठले होते तिथे आणि दुखत होता गुडघा. शरीर असे चुकीचे पत्ते देते. एका धावपटू मुलाच्या मांडीचा स्नायू फाटला होता. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "पाय आवळ. आता सोड." स्नायू हलला आणि त्यातली फट मला उघडताना, मिटताना दिसली. एकाच्या तळव्यात लाकडाचे कुसळ होते. ते शेजारच्या खोलीतल्या एक्स-रे यंत्राला, म्हणजे आमच्या एक्स-रे काकांना, काही केल्या सापडेना, आणि मला पहिल्या फटक्यात सापडले.

या एक्स-रे काकांना मी मान देतो. त्यांच्याइतके आरपार कोणी बघत नाही. पण त्यांच्यासमोर मूल हलले की चित्र बिघडते, आणि लहान मुलांच्या हाडांची टोके अजून नाकाच्या शेंड्यासारखी मऊ असतात, ती काकांना दिसतच नाहीत. मला दिसतात. एवढे बोलून थांबतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा फार फुशारक्या मारतो.

आता डॉक्टरबाईंच्या कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला. अंगावर लावायच्या जेलची बाटली त्या कोमट पाण्यात ठेवत, म्हणजे मुले दचकत नाहीत. जेलचा चांगला जाड थर देत आणि मला त्यावर नुसते तरंगत ठेवत. दुखऱ्या जागी मी टेकत नसे, तरी मला सगळे दिसे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे 'आधी सोबती'. मूल घाबरलेले असेल तर पहिला हात त्याच्याबरोबर आलेल्याचा. भावाचा, बहिणीचा, आईचा, कोणीच नसेल तर सिस्टरचा. मुलाला उजवीकडे लागले असेल तर सोबत्याचाही उजवाच. पडद्याला आमच्याकडे सगळे हाडांचा टीव्ही म्हणत. सोबत्याचे हाड टीव्हीवर आले, सोबती हसला, की मूल आपणहून हात पुढे करी. हा उपाय कधी फसत नसे.

फक्त एक होते. सोबत्याच्या त्या चित्राकडे कोणी बघत नसे. ते दाखवण्यापुरते. डॉक्टरबाईंचे सगळे लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर असे. रडणे कमी झाले का, खांदे सैल पडले का, आता हात लावू देईल का. पडदा त्यांच्या पाठीमागे असे.

तर ती दुपार. शाळा सुटून थोडा वेळ झाला होता. बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. आणि दारातून आधी आवाज आला, मग माणसे आली. चार वर्षांचा एक मुलगा आईच्या कडेवर बसून असे भोकाड पसरत होता की औषधांच्या बाटल्या किणकिणल्या. मी तिथल्या तिथे त्याचे नाव भोंगा ठेवून टाकले. मागून त्याची दहा वर्षांची ताई आली. तिने शाळेचा स्वेटर घातला होता आणि त्याची उजवी बाही तिने बोटांपर्यंत खाली ओढली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"जिन्यात पडली दोघं," आई धापा टाकत म्हणाली. "हा चालायला तयार नाही, म्हणून ही त्याला पाठुंगळी घेऊन उतरत होती. शेवटच्या पायऱ्यांवर पाय सटकला हिचा. तेव्हापासून उजव्या हाताला हात लावू देत नाहीये हा."

"कुठं दुखतंय रे राजा?" डॉक्टरबाईंनी विचारले.

भोंग्याने दंडापासून बोटांपर्यंत सगळीकडे बोट दाखवले आणि आवाज आणखी चढवला.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तो कसरतीच्या सरांचा होता. "हो सर, मोठी येतेय ना उद्या निवड चाचणीला," आई एका कानावर हात ठेवून म्हणाली. "तिला काही झालेलं नाही. धाकट्याचा हात दाखवायला आलोय. अहो, वर्षभर चाचणीचाच ध्यास घेतलाय तिने. हातांवर उभी राहून सगळी खोली चालते आमची." तिने फोन ठेवला. ताईने भिंतीकडे तोंड केले.

"चला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी ताईचा टीव्ही लावू, मग तुझा. ये गं."

ताईने डावा हात पुढे केला.

"डावा नको. याचा उजवा आहे ना, मग तुझापण उजवाच. म्हणजे नीट जोडी जमेल."

ताईने बाही अगदी थोडी, मनगटापुरती वर सारली आणि हात गादीवर ठेवला. डॉक्टरबाईंनी जेल घातले, मला हळूच त्यावर तरंगत ठेवले आणि मान भोंग्याकडे वळवली. "बघ, ताईला दुखतंय का? विचार तिला."

"ताई, दुखतंय का?" भोंग्याने हुंदका गिळत विचारले.

"नाही," ताई म्हणाली.

आणि मला दिसले. मित्रांनो, मनगटाच्या जरा वर, जिथे पांढरी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ जायला हवी, तिथे ती फुगली होती. पुठ्ठ्याची नळी टोकाकडून दाबली की तिचा काठ जसा फुगीर होतो, तशी. मुलांची हाडे कोवळी असतात, ती काडकन मोडण्याआधी अशी चेपतात. ताईने पडताना हात टेकला होता, आणि भोंगा तिच्या अंगावर, मऊ मऊ, अलगद पडला होता. मी खोटे सांगत नाही, माझे सगळे दात एकदम थरथरले. बघा, मागे बघा, पडद्याकडे बघा, मी ओरडत होतो. पण माझा आवाज कोणालाच ऐकू येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे.

"बघितलंस, किती छान सरळ हाड आहे ताईचं?" डॉक्टरबाई पडद्याकडे पाठ करूनच म्हणाल्या. भोंगा मात्र टक लावून टीव्हीकडे बघत होता. त्याचे रडणे थांबले होते. त्याने हात पुढे केला.

मग माझी सगळी कसोटी भोंग्यावर. मनगट झाले, कोपर झाले, मधला सगळा हात झाला. डॉक्टरबाई आता पडद्यात डोळे घालून बघत होत्या. कोपराच्या मागे चरबीची एक लहानशी गादी असते. सांध्यात रक्त साठले की ती वर उचलली जाते. ती जागच्या जागी होती. डावा हात बघितला, पुन्हा उजवा बघितला. रेघा सरळ, जोडी तंतोतंत. कोपराला खरचटले होते, तेवढेच.

"काही मोडलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. आईचा जीव भांड्यात पडला. तिने भोंग्याचा मुका घेतला, पिशवी उचलली. सिस्टरनी मला पुसले आणि खुंटीला टांगले. ताईने बाही पुन्हा बोटांपर्यंत ओढली आणि सगळ्यांच्या आधी दाराकडे निघाली.

उद्या ही मुलगी हातांवर उभी राहणार. आख्ख्या अंगाचा भार त्या चेपलेल्या हाडावर येणार. आज फुगले आहे ते उद्या पुरते मोडणार, आणि त्याच्या शेजारीच असते वाढीची जागा, जिथून हाड लांब होते. तिला धक्का बसला तर हात वाकडा वाढू शकतो. हे सगळे मला माहीत होते आणि मी खुंटीवर लोंबकळत होतो.

तेवढ्यात भोंग्याने पुन्हा गळा काढला.

"आता काय झालं?" आई वैतागली. "बरा आहेस ना तू?"

"माझ्या हाडावर टेकडी नाही," भोंगा हुंदके देत म्हणाला.

"कसली टेकडी? चल घरी."

"मला टेकडी पाहिजे."

डॉक्टरबाई हसल्या. त्या पुढच्या मुलाचा कागद हातात घेत होत्या. "अरे, टेकडी नसणंच चांगलं. सरळ हाड म्हणजे शहाणं हाड."

"मग ताईच्या हाडावर का आहे?"

डॉक्टरबाईंचे हसू तसेच राहिले आणि हात थांबला. त्यांनी भोंग्याकडे बघितले, मग पडद्याकडे. पडदा आता काळा होता. मग त्यांनी दारातल्या ताईकडे बघितले, आणि तिच्या त्या लांब बाहीकडे.

"कुठं होती रे टेकडी?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले.

भोंग्याने स्वतःच्या मनगटाच्या जरा वर बोट ठेवले. अचूक जागा. मी खुंटीवर नाचायचाच बाकी होतो.

"ताई, जरा परत ये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाही वर करू या आपण. पूर्ण."

मनगट सुजलेले होते. फार नाही, पण डाव्याशेजारी ठेवले की कळत होते. कोमट जेल आले, मी आलो, आणि या वेळी खोलीतले सगळेच पडद्याकडे बघत होते. आधी डावा, रेघ सरळ. मग उजवा. मी त्या फुगवट्यावरून सरकलो आणि जितके स्वच्छ चित्र देता येईल तितके दिले. आयुष्यात इतके मन लावून मी कधी ऐकले नव्हते. डॉक्टरबाईंनी मला वाढीच्या जागेवर नेले. तिथे दोन वेळा बघितले, तिसऱ्यांदा बघितले. ती जागा शाबूत होती. त्यांनी धरलेला श्वास सोडला, तो माझ्या पाठीवर आला.

"टेकडी," भोंगा समाधानाने म्हणाला.

"हाड चेपलंय," डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. "पट्टी बांधू, नीट भरून येईल. पण उद्याची चाचणी नाही. चूक माझी, मघाशीच दिसलं असतं. माझी पाठ होती पडद्याकडे."

आई खुर्चीत बसली. भोंगा तिच्या कडेवरून कधी उतरला ते तिला कळलेही नसावे. "अगं, इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"उद्या चाचणी होती म्हणून," ताई म्हणाली. मग आणखी हळू म्हणाली, "आणि पडले मीच ना त्याला घेऊन. आणि... कुणी विचारलंच नाही."

मोठमोठ्याने रडणारी मुले मी शेकड्यांनी बघितली आहेत. पण ते वाक्य मला कोणत्याही रडण्यापेक्षा जड वाटले. आईने सिस्टरच्या हातून कापूस घेतला आणि ताईच्या मनगटावरचे जेल स्वतः पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, अगदी सावकाश. पुसता पुसता तिचे डोळे भरून आले. ताईही रडली. तिने वर्षभर राखून ठेवलेली चाचणीची सगळी स्वप्ने त्या रडण्यात होती, आणि मला फार वाईट वाटले.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी एक्स-रे काकांकडूनही खात्री करून घेतली. काका प्रामाणिक, त्यांनीही तेच सांगितले. मोठ्या डॉक्टरांनी माझे चित्र आणि काकांचे चित्र शेजारी धरले, चष्मा वर केला, खाली केला. "चांगलं दिसतंय की यात," ते म्हणाले. "इतकी वर्षं हा प्रोब खणात कुणी ठेवला होता?"

"तुम्हीच, सर," सिस्टर म्हणाल्या आणि पट्टी बांधायला लागल्या.

भोंग्यालाही पट्टी हवी होती. त्याच्या खरचटलेल्या कोपरावर जरुरीपेक्षा चौपट मोठी पट्टी बांधावी लागली, तेव्हा कुठे स्वारी घरी जायला तयार झाली.

त्या दिवसापासून आमच्या खोलीतला पडदा हलला. आता तो अशा जागी आहे की डॉक्टरबाईंना मुलाचा चेहरा आणि हाड दोन्ही एकदम दिसतात. 'आधी सोबती' अजून चालते, पण सोबत्याचे चित्रही आता खरे चित्र म्हणूनच बघितले जाते, आणि हात हातात घेण्याआधी त्याला विचारले जाते, "तुला कुठं लागलंय का?" बहुतेक मुले नाही म्हणतात. कधी कधी एखादे मूल एकदम गप्प होते, आणि मग आम्ही दोघे, डॉक्टरबाई आणि मी, कान टवकारतो.

काही आठवड्यांनी ताई तपासणीला आली. हाड भरून येत होते. जुन्या फुगवट्यावर नव्या हाडाची पांघरूण घातल्यासारखी साय दिसत होती. हे बघताना मला दर वेळी उकळ्या फुटतात. डॉक्टरबाईंनी विचारले, "काय म्हणतोय हात?" आणि भोंगा लागलीच सुरू झाला, "तिला ना, खाज सुटते, आणि ती ना..."

आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "थांब. ताईला सांगू दे."

मग ताई बोलायला लागली. मनगटाचे सांगितले. चाचणी हुकल्याचे सांगितले, सर पुढच्या वेळी घेतो म्हणाले पण तिच्या मैत्रिणीची निवड झाली आणि ती दिसली की रस्ता बदलावासा वाटतो, हेही सांगितले. डाव्या हाताने लिहिताना अक्षर कसे येते ते सांगितले. एक दाढ दुखते, तेही सांगून टाकले. "दाढ?" आई म्हणाली, "कधीपासून?" बाहेर पुढची मुले ताटकळत होती, पण डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे बघितले नाही. इतके बोलणारी मुलगी त्या दिवशी भिंतीला टेकून गप्प उभी होती, यावर माझा विश्वास बसेना.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझे काही दात बंद पडले आहेत आणि चित्रात एक काळी पट्टी येते. वायर ओढू नका, मला आपटू नका, काम झाले की पुसून ठेवा, एवढी माझी काळजी घेतलीत तरी मी अजून बरीच हाडे बघीन. पण मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. तुमच्यापैकी कोणी पडले, रडले, की सगळे त्याच्याकडे धावतात, आणि धावलेच पाहिजे. त्याच्या शेजारी बाही ओढून कोणी उभे आहे का, तेही बघा. असेल तर त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.